झाड मोठे होईपर्यंत बसायचे कुठे?

वाचकहो, या सदरात मी एरवी दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या गोष्टी लिहितो. आज माझ्या एका भाषणाची गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला मला फारसा आनंद होत नाही. पण मार्च उजाडला की आपल्या वऱ्हाडात उन्हाचे दिवस सुरू होतात आणि त्याबरोबर जनजागृतीच्या कार्यक्रमांचेही. तेव्हा ती आत्ताच सांगितलेली बरी.

मे २०२३ मधली गोष्ट. तालुक्यातल्या एका संस्थेने आमच्या गावापासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या एका खेड्यात 'पर्यावरण आणि आरोग्य' या विषयावर कार्यक्रम ठेवला होता. वक्ता म्हणून मी. वेळ सकाळी अकराची. पाहुणे यायला बारा वाजले, हारतुरे आणि प्रास्ताविक होता होता एक. जागा म्हणजे समाजमंदिरापुढची टिनाची शेड. समोर शे-सव्वाशे माणसे. त्यांत बाया जास्त, कारण बचतगटांना निरोप होता. एक पंखा होता, तो व्यासपीठाकडे तोंड करून.

मी चाळीस मिनिटे बोललो. पृथ्वीचे तापमान का वाढते, कोळसा आणि पेट्रोल जाळल्याने हवेत कर्बवायू कसा साठतो, तो गोधडीसारखी उष्णता कशी धरून ठेवतो, हे सगळे सांगितले. झाडे लावा, वीज वाचवा, प्लास्टिक जाळू नका, असेही सांगितले. टाळ्या पडल्या. 'काही शंका?' असे विचारल्यावर पहिल्या रांगेतली एक साठीची बाई उठली. पदराने वारा घेत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, झाड सावली द्याले किती वर्सं लागते जी?"

मी म्हटले, "मावशी, कडुनिंब असला आणि नीट जगवला तर सात-आठ वर्षं."

"मंग तोवर आमी कुठी बसावं?"

सगळी शेड हसली. मीही हसलो. अध्यक्षांनी 'मावशींनी फार चांगला प्रश्न विचारला' असे म्हणून आभारप्रदर्शनाला सुरुवात केली. उत्तर कोणीच दिले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास त्याच खेड्यातून एका मालवाहू ऑटोत घालून चाळिशीतल्या एका माणसाला माझ्याकडे आणले. स्लॅबच्या कामावर सेंट्रिंगचा मजूर. आठवडाभर लग्नकार्यासाठी परगावी होता, परत येऊन कामाचा दुसरा दिवस. बाराच्या सुमारास त्याला चक्कर आली, उलटी झाली, मग तो काहीबाही बरळू लागला. सोबत्यांनी घरी आणून सोडले. अंग भाजत होते म्हणून घरच्यांनी तापाची गोळी दिली. अंगाला थरथर सुटली म्हणून गोधडी पांघरली. घाम आला की ताप उतरेल म्हणून दोन तास वाट पाहिली. माझ्याकडे आला तेव्हा थर्मामीटरचा पारा १०७ च्या पुढे होता आणि तो कोणाला ओळखत नव्हता.

आम्ही अंगावर पाणी ओतले, पंखे लावले, सलाईन सुरू केले, १०८ ची गाडी बोलावली. जिल्ह्याच्या रुग्णालयात तो पोचला, पण रात्री दगावला. गाडीत बसताना त्याच्या बायकोने मला विचारले, "ताप होता ना जी, मंग गोधडी घालू नये का?"

मी तिला ओळखले. चार दिवसांपूर्वी ती तिसऱ्या रांगेत बसली होती. गोधडी हा शब्द माझ्या चाळीस मिनिटांत चार वेळा आला होता, पण तो पृथ्वीच्या संदर्भात.

सलाईन आणि विहीर

माझ्या वयाच्या डॉक्टरांना गॅस्ट्रोच्या साथी आठवत असतील. पावसाळ्याच्या तोंडाशी एखाद्या गावातून एकाच दिवशी वीस-पंचवीस रुग्ण यायचे. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून आम्ही सलाईन लावायचो. त्याच वेळी आरोग्यसेवक विहिरीत टीसीएल पावडर टाकत असे आणि फुटलेली पाइपलाइन शोधत असे. आधी सलाईन की आधी विहीर, असा वाद कधी कोणी घातला नाही. सलाईन नसेल तर आजचा रुग्ण मरतो. विहीर साफ केली नाही तर उद्या पन्नास रुग्ण येतात.

हवामान बदलाच्या कामाचेही असेच दोन भाग आहेत. वाढलेल्या उन्हाची, लांबलेल्या पावसाची, नव्या साथींची झळ आपल्याला कमी लागावी म्हणून करायची तयारी हा एक भाग. जाणकार त्याला अनुकूलन म्हणतात. ज्या वायूंमुळे तापमान वाढते तेच कमी सोडायचे, हा दुसरा भाग. त्याला उत्सर्जन कपात म्हणतात. शब्द जड आहेत, मला स्वतःला सलाईन आणि विहीर हेच बरे वाटतात.

मी त्या दिवशी तहानेने कासावीस झालेल्या माणसांपुढे विहिरीच्या स्वच्छतेवर व्याख्यान दिले.

आणि ही विहीर काही त्या गावाची एकट्याची नाही. ती साऱ्या जगाची आहे आणि तिच्यात घाण टाकणारे बहुतेक लोक दुसरीकडे राहतात. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कर्बवायू सोडतो, भारतातला सुमारे २ टन. ही २ टनांची सरासरीसुद्धा तुम्ही-आम्ही मिळून केलेली. त्यात माझी मोटार, माझा एसी, माझ्या मुलाचा विमानप्रवास सगळे आले. ज्या घरात दोन बल्ब आणि एक पंखा आहे, तोही भारनियमन नसेल तेव्हा चालणारा, त्या घरातल्या बाईला मी वीज वाचवायला सांगत होतो. सांगून एसीच्या मोटारीतून परत आलो.

म्हणजे या खेड्यातल्या लोकांना विहिरीबद्दल काही सांगूच नये का? सांगावे. पण काय, किती आणि कोणत्या क्रमाने सांगावे, याचा विचार मी केला नव्हता. गेली दोन-तीन वर्षे तो करतो आहे.

भर दुपारी जागृती

पहिली दुरुस्ती अगदी साधी होती. उन्हाळ्यातला कार्यक्रम सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. नाहीतर मी येत नाही. आमंत्रण देणारे नाराज होतात, कारण प्रमुख पाहुण्यांना दुपार सोयीची असते. त्यांना मी खारघरची आठवण करून देतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या समारंभानंतर १४ माणसे उष्माघाताने दगावली. ती बातमी मी वाचली होती. वाचूनही महिनाभरातच एक वाजता टिनाच्या शेडमध्ये लोकांना बसवून मी तापमानवाढीवर बोललो. शहाणपण वाचून येते असे नाही.

अहमदाबादचे उदाहरण मी आता आवर्जून देतो. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यातल्या मृत्यूंची आदल्या वर्षांशी तुलना केली तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. त्यानंतर महानगरपालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आणि इतर तज्ज्ञांच्या मदतीने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. दक्षिण आशियातल्या शहरांत असा आराखडा पहिलाच. त्यात फार मोठे यंत्र-तंत्र नव्हते. हवामान खात्याचा अंदाज पाहून पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा द्यायचा, डॉक्टर-परिचारिकांना उष्माघात ओळखायला शिकवायचे, पाण्याची सोय करायची, लोकांना निरोप पोचवायचा. अशा आराखड्यांचा पुढे आपल्याकडे नागपूरसह देशातल्या अनेक शहरांनी अवलंब केला. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात तर उन्हासाठी कलम १४४ लावून कामाच्या आणि शिकवण्यांच्या वेळा बदलायला लावल्या होत्या. आमच्या शिकाऊ दिवसांत १४४ कलम दंगलीसाठी असते एवढेच माहीत होते.

ताप आणि उष्माघात

आता माझ्या बोलण्यातली पहिली वीस मिनिटे याच विषयाला जातात. आमच्या कंपाउंडरला खाटेवर निजवतो आणि सगळ्यांसमोर ओल्या दुपट्ट्याने प्रात्यक्षिक करून दाखवतो. लोक हसतात, पण लक्षात ठेवतात. वाचकांसाठी तेच इथे सांगतो.

जंतूंमुळे येणाऱ्या तापात शरीर स्वतःच आपले तापमान वाढवून ठेवते. क्रोसिनसारखी गोळी ती आतली खूणगाठ खाली आणते, म्हणून ताप उतरतो. उष्माघातात तसे नसते. बाहेरची आणि कष्टाने अंगात तयार झालेली उष्णता बाहेर टाकता टाकता शरीर हरलेले असते. तिथे गोळीचा उपयोग शून्य, उलट यकृताला इजा व्हायची भीती. आणि गोधडीने आतली उष्णता आतच कोंडते.

उन्हात काम करताना पायात गोळे येणे, खूप घाम, डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही पहिली घंटा. काम तिथेच थांबवावे, सावलीत बसावे, कपडे सैल करावेत, मीठ-साखरेचे पाणी किंवा मीठ घातलेले ताक थोडे थोडे प्यावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखाना. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, झटके आले किंवा शुद्ध हरपली, आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडेच असेल असे नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो, त्यावरून फसू नका. अशा वेळी १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत हात बांधून बसू नका. कपडे काढा, अंगभर पाणी शिंपडा, ओले कापड मान, काखा आणि जांघांत ठेवा, आणि सतत वारा घाला. पाण्यापेक्षा पाणी वाळताना शरीर जास्त थंड होते, म्हणून वारा महत्त्वाचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. पहिला अर्धा-पाऊण तास सगळे ठरवतो. तो गावातच जातो, माझ्या दवाखान्यात नव्हे.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. ठेवा, हरकत नाही, भाकरीबरोबर खाता येईल. पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक गोष्ट ठेकेदारांसाठी आणि शेतमालकांसाठी. उन्हाची सवय शरीराला आठवड्या-दोन आठवड्यांत होते आणि खंड पडला की मोडते. उन्हाने दगावणाऱ्या मजुरांत पुष्कळ जण कामाच्या पहिल्या काही दिवसांतले असतात. नव्या माणसाला किंवा गावाहून परतलेल्याला पहिल्या दिवशी पूर्ण दिवसाचे काम देऊ नका, चार-पाच दिवसांत वाढवत न्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. वर सांगितलेला तो माणूस कामाच्या दुसऱ्या दिवशी गेला, हे मला आजही खुपते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा दाखवावे, गोळी मनाने बंद करू नये.

मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण पुन्हा एकदा: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे पाणी किती साधे आणि किती मोठे आहे ते पाहायचे तर १९७१ साल आठवावे. बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडेच सोपवले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. नातेवाइकांना ते जमेल यावर तेव्हा फार थोड्या डॉक्टरांचा विश्वास होता.

दोन्हीकडे लागू पडणाऱ्या गोष्टी

एवढे झाले की लोक निवांत होतात आणि मग प्रश्न येतात. ऊन दर वर्षी वाढतच का चालले, हा त्यांतला एक असतोच. तो त्यांनीच विचारला की मी विहिरीकडे वळतो. न विचारता सांगितले तर ते उपदेश वाटते.

या भागात मी आता अशाच गोष्टी निवडतो, ज्यांनी आज घरात गारवा मिळतो आणि हवेत जाणारा धूरही थोडा कमी होतो. टिनाच्या छपराला चुना लावणे ही त्यांतली पहिली. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि आतली उष्णता दोन-चार अंशांनी कमी होते. तेलंगण सरकारने तर २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. आपल्याकडे गुढीपाडव्याला भिंती रंगवायची पद्धत आहेच, त्याच दिवशी एक हात छपरावर फिरवावा. पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून दर वर्षी लावावा लागतो. डॉक्टर म्हणून एक सूचना: चुना डोळ्यात गेला तर बुबुळ जळते. डोळ्यांवर चष्मा लावूनच काम करा, आणि गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने वीस मिनिटे डोळा धुवा आणि मग माझ्याकडे या. आधी माझ्याकडे येऊन धुऊ नका. टिनावर चढताना पाय कैचीवरच ठेवा.

दुसरी गोष्ट कूलरची. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी, तिथे कूलर उत्तम चालतो. घरगुती कूलरला दीड-दोनशे वॅट लागतात, दीड टनाच्या एसीला दीड हजारांच्या आसपास. पण दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, मुलेसुद्धा. पाणी भरताना प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग करून घ्यावे. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासावी, नाहीतर जूनमध्ये त्याच टाकीतले डास डेंग्यू घेऊन येतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला एका शेतकऱ्याने शिकवली. एका कार्यक्रमात मी झाडे लावा म्हणालो तेव्हा तो उठून म्हणाला, "साहेब, लावायचं राहू द्या, आधी हायेत ते जाळू नका." आपल्याकडे पेरणीआधी धुरे पेटवतात. गवत-काडी जळावी हा हेतू, पण त्यात धुऱ्यावरची बाभूळ, बोर, पळस, कडुनिंब भाजून निघतात. दोन-तीन उन्हाळे असे भाजले की झाड वाळते. नेमक्या ज्या सावलीत मजुराने दुपारी बसायचे तीच आपण जाळतो, शिवाय धूर गावात येतो आणि माझ्याकडे दम्याचे रुग्ण वाढतात. त्या शेतकऱ्याचा मुद्दा मी तेव्हापासून माझ्या भाषणात घेतला आहे. वीस वर्षांचे उभे झाड राखायला शून्य वर्षे लागतात, आणि मावशींच्या प्रश्नाला माझ्याजवळ असलेले त्यातल्या त्यात बरे उत्तर तेच आहे.

नवी झाडे लावूच नयेत असे मी म्हणत नाही. राज्यात २०१६ साली २ कोटींपासून सुरुवात होऊन २०१९ मध्ये लक्ष्य ३३ कोटींवर गेले होते. मला आकड्यापेक्षा जागेत रस आहे. हातपंपाच्या सांडपाण्याजवळ, बसथांब्यामागे, बाजाराच्या ओट्याजवळ लावलेले आणि बोरीच्या काट्यांचे कुंपण केलेले झाड जगते, कारण तिथे माणसाला त्याची गरज असते. टेकडीवर फोटोपुरते लावलेले जगत नाही. लोकांना खरेही सांगावे: गावाने पाचशे झाडे लावली म्हणून पुढच्या मेमध्ये तालुक्याचा पारा उतरणार नाही. झाडाखाली मात्र उतरेल. शाळेच्या मुलांना मी भिंतीवरचा तापमापक देतो आणि दुपारी दोन वाजता टिनाखाली, चुना लावलेल्या टिनाखाली आणि कडुनिंबाखाली मोजायला सांगतो. किती फरक पडतो तो आकडा इथे देत नाही. तुमच्या गावात मोजा.

चुलीबद्दल मी सावध बोलतो. पऱ्हाट्यांच्या धुराने आमच्या बायांची फुप्फुसे पोखरली आहेत, विडीला हात न लावलेल्या बाईच्या छातीत विडीबाजासारखी घरघर ऐकू येते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस आला, पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की चूल पेटते. तिथे पृथ्वीचे नाव घेऊन बोट दाखवणे मला जमत नाही. वाळलेले सरपण वापरा, धुराला वाट ठेवा, तान्हे मूल मांडीवर घेऊन फुंकू नका, आणि जमेल तेवढा स्वयंपाक गॅसवर करा, एवढेच सांगतो. हे तिच्या श्वासासाठी.

विहिरीचे भाषण कोणापुढे?

मग वीज वाचवण्याचे, पेट्रोल कमी जाळण्याचे ते माझे जुने भाषण कुठे गेले? ते मी गावातल्या आमच्यासारख्या लोकांपुढे करतो. क्लबात, व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात, आमच्या डॉक्टरांच्या संघटनेत. दोन्ही विषय सगळ्यांना निम्मे-निम्मे वाटून समतोल साधत नाही, असे माझे मत झाले आहे. ज्याच्या अंगावर ऊन जास्त आणि खर्चायला वीज कमी, त्याला सलाईनचे जास्त सांगावे. ज्याच्या घरात चार एसी आहेत, त्याला विहिरीचे.

पहिल्यांदा बोललो तेव्हा तिथला चहा थंड झाला. मी माझ्यापासून सुरुवात केली होती. माझ्या दवाखान्याचे आणि घराचे वर्षाचे वीजबिल मोठ्याने वाचून दाखवले. एक युनिट वीज करायला अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो. त्या हिशेबाने पारस किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रात माझ्या नावाने किती पोती कोळसा जळला ते सांगितले. मग गणित मांडले: साधा पंखा ७५ वॅटचा, नव्या बीएलडीसी पंख्याला तीसच्या आसपास. एसी २० वर न ठेवता २६ वर ठेवून वर पंखा लावला तर गारवा तोच. छपरावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवायला २०२४ पासून केंद्र सरकार ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देते. एक सन्माननीय सदस्य म्हणाले, "डॉक्टर, चीन-अमेरिका करत नाहीत तोवर आपण कशाला?" मी म्हटले, गॅस्ट्रोच्या साथीत पलीकडच्या आळीतला संडास दुरुस्त होईपर्यंत आपला तसाच ठेवायचा का? त्यांना ते आवडले नाही. पण सहा महिन्यांनी त्यांच्या छपरावर पॅनेल चढले. बिल वाचते म्हणून बसवले, असे ते सांगतात. माझी तक्रार नाही.

एका तरुण शिक्षकाने मात्र मला उलटा प्रश्न केला. "सर, तुम्ही गरिबांना फक्त सोसायला शिकवताय. मग ऊन वाढवणाऱ्यांना जाब विचारायचा कोणी?" प्रश्न रास्त होता. ओल्या दुपट्ट्यालाही मर्यादा आहे. हवेत दमटपणा वाढला की घाम वाळत नाही, आणि एका मर्यादेपुढे सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही तग धरू शकत नाही. २०२४ हे जगाचे सरासरी तापमान कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून जास्त असलेले पहिले वर्ष ठरले. हे असेच चढत राहिले तर माझी वीस मिनिटे कामाची राहणार नाहीत. म्हणून खेड्यातही मी शेवटी पाच मिनिटे हा हिशेब मांडतो, पण सूचना म्हणून नव्हे. कोण किती जाळतो ते सांगतो आणि ग्रामसभेत काय मागायचे ते सांगतो: बसथांब्यावर सावली, कामाच्या वेळांत बदल, शाळेवर सौर पॅनेल, आरोग्य केंद्रात उष्माघात कक्ष आणि तिथे बर्फ. जाब कसा विचारायचा ते लोकांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

त्या खेड्यात मी पुन्हा गेलो, गेल्या वर्षी, पाडव्याच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी साडेसहाला. व्यासपीठ नको म्हटले, सतरंजीवर बसलो. पंखा लोकांकडे वळवला. त्या मजुराची बायको आली होती. कंपाउंडरला निजवून मी दुपट्टा भिजवायला घेतला तेव्हा ती उठून पुढे आली आणि म्हणाली, "मी करते." तिने मान, काखा, जांघा बरोबर सांगितल्या, आणि वारा घालायला शेजारच्या मुलीला उभे केले. मी बाजूला सरकलो.

मावशीही होत्या. या खेपेला त्यांनी विचारले, चुना कितीला पडतो, आणि त्यांच्या टिनावर चढणार कोण. दुसऱ्या प्रश्नाला शाळेतल्या दोन पोरांनी हात वर केले.